हळद लावलेली भोरडी

सही करायला मडिवाळप्पानं पेनाचं टोपण काढलं आणि तेवढ्यात टोपलीतली एक भोरडी मान वळवून त्याच्याकडं बघू लागली. तिच्या गुलाबी छातीवर पिवळा ठिपका होता, बोटाच्या पेराएवढा, खालच्या अंगाला जरा ओघळलेला. तो ओळखायला त्याला क्षणभरही लागला नाही. गेल्या सोमवारी सकाळी लिंगपूजा आटोपून तो परसात उभा राहिला होता, करडीच्या तेलात कालवलेली हळद त्यानं अनामिकेनं त्या छातीवर टेकवली होती आणि मूठ उघडली होती. भोरडी लिंबावरून पार दिसेनाशी झाली तेव्हा त्यानं हात जोडले होते. दिवसभर कसं हलकं वाटलं होतं. आणि आता तीच भोरडी वनखात्याच्या कचेरीच्या अंगणात, वेळूच्या टोपलीत, मासे धरायच्या जाळ्याखाली चोच वासून बसली होती. तिच्याभोवती आणखी कितीतरी होत्या आणि त्यांतल्या बऱ्याच जणींच्या छातीवर ठिपके होते. काही ताजे, काही विटलेले. एकीच्या छातीवर तर विटलेल्या ठिपक्यावर ताजा ठिपका होता. म्हणजे तिला त्यानं दोनदा सोडलं होतं, आणि दुसऱ्या वेळी ते त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं. हळद लावताना तो डोळे मिटून आईचं नाव घ्यायचा.

“अप्पा, करा की सही,” रेंजर शेषेराव म्हणाले. “दुसरे पंच अण्णाराव, त्यांनी केली. तुमची झाली की पंचनामा झाला.”

लातूरचा जिल्हा झाल्यापासून गावात कचेऱ्यांचं पीक आलं होतं. दुसरं कुठलं पीक त्या दुष्काळी साली आलंच नव्हतं. आधी प्रत्येक कामाला उस्मानाबादेच्या खेपा घालाव्या लागायच्या, आता गल्लीगल्लीत भाड्याच्या घरांवर पाट्या लागल्या होत्या, आणि प्रत्येक पाटीला अधूनमधून दोन प्रतिष्ठित पंच लागायचे. मोंढ्यातला अडत्या मडिवाळप्पा, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, पांढरं धोतर, कुणाच्या अध्यात ना मध्यात; पंच म्हणून असा माणूस शोभायचा. बोलावणं आलं की तो गादीवरून उठताना जरा मोठ्यानंच सांगायचा, “सरकारचं काम आहे, जाऊन येतो.” आजही तसंच सांगून तो आला होता. काय प्रकरण आहे हे विचारलंही नव्हतं. आला तेव्हा पंचनाम्याचं लिखाण बहुतेक झालेलं होतं, आणि भिंतीला पाठ लावून कस्तुराबाई बसलेली होती.

ती त्याच्याकडं बघत होती, पण ओळख नसल्यासारखी. गेली दोन वर्षं हिवाळ्यातल्या दर सोमवारी ही बाई त्याच्या मागच्या दारी टोपली घेऊन यायची. दारामागून तो तिचं “अप्पा, आणले हो” एवढंच ऐकायचा. आज तिनं तोंड असं काही मिटलं होतं की जणू हा माणूस आपण जन्मात पाहिला नाही.

“खायाला धरले साहेब,” ती रेंजरला म्हणाली. “पोटात काय घालावं मंग? तळ्यात शिंगाडा न्हाई, मासळी न्हाई. जाळं तेवढं हाय.”

“खायला धरले म्हणते,” शेषेराव मडिवाळप्पाला समजावून सांगू लागले. तरुण माणूस, नांदेडहून नवा आलेला, जिल्ह्यातलं हे पहिलंच असलं प्रकरण आपल्या हातून होतंय याचा आनंद त्यांच्या बोलण्यात लपत नव्हता. “तेवढंच असतं तर थोडक्या दंडावर भागलं असतं. विकत असती तर गोष्ट वेगळी. मग विकणारा बी आत आन् घेणारा बी आत, कायदाच तसा आहे. पण त्याहून मोठी भानगड ही बघा.” त्यांनी जाळ्यातून हात घालून एक भोरडी अलगद काढली, तिची छाती वर केली. “हा रंग. मी विष्णुपुरीला असताना पाण्यावर शास्त्रज्ञ लोक आले होते. पक्षी धरतात, रंग लावतात, सोडतात. कुठून निघाला, कुठं पोचला ते कळावं म्हणून. हे पक्षी पार तिकडच्या मुलखातून येतात अप्पा. परदेशातल्या संशोधनाचे पक्षी आहेत हे, आणि ही बाई धरून खाऊन राहिली. मी वरती पत्र लिहिलंय. उत्तर येईस्तोवर मुद्देमाल इथंच राहील.”

मडिवाळप्पाला हळदीचा वास आला. खरंच आला, की हळद आहे हे ठाऊक असल्यामुळं आल्यासारखा वाटला, हे त्याला सांगता आलं नसतं. शेषेरावांना तो येत नव्हता एवढं खरं. त्यांच्या घरात रोज भाजीत पडणारी वस्तू त्यांच्या नाकाखाली होती, आणि ते परदेशापर्यंत जाऊन आले होते. हसू यायला हवं होतं. मडिवाळप्पाच्या घशाशी एक वाक्य आलं, ‘साहेब, ही हळद आहे.’ त्याच्या पुढचा प्रश्नही लगेच आला, तुम्हाला कसं माहीत? आणि त्याच्या पुढचं उत्तर. अण्णाराव वहीवाले खुर्चीत पाय हलवत बसले होते. संध्याकाळपर्यंत सगळ्या मोंढ्यात झालं असतं. विभूती लावणारा मडिवाळप्पा, पाखरांच्या धंद्यात. पेन उघडं होतं. हात कागदावर गेला, सही झाली, आणि ती नेहमीपेक्षा सुबक आली.

परत येताना त्यानं रिक्षा केली नाही. टँकरच्या मागं घागरींची रांग लागली होती, रस्त्यावरची धूळ कमरेपर्यंत उठत होती, आणि तो चालत चालत मनानं आईपाशी येऊन पोचला. बसम्मा जाऊन तीन वर्षं झाली होती. निलंग्याकडच्या खेड्यात जन्म काढलेली बाई, घराला दार असतं हे तिला रात्रीपुरतंच ठाऊक. ज्वारी हुरड्यात आली की भोरड्यांचे थवे उतरायचे. वडील माळ्यावर उभं राहून गोफण फिरवायचे, शिव्या घालायचे, आणि ही बांधावर बसून म्हणायची, पाव्हणे हायत, किती लांबून आले असतील, खाऊ द्या दोन दाणे. एकदा त्याच्याच गोफणीचा दगड एका भोरडीला लागला. आईनं ती ओच्यात घेतली, चोचीत पाणी सोडलं. त्यानं हात लावून पाहिला तर ते अंग इतकं गरम होतं की त्यानं हात मागं घेतला. तीच आई शेवटच्या वर्षात लातूरच्या घरी, मोंढ्याच्या रस्त्यावरच्या खोलीत, दम्यानं खोकत पडली होती. डॉक्टर म्हणाले धूळ चालणार नाही. म्हणून दार बंद. “दार उघड रे,” ती म्हणायची. “धूळ येते अव्वा,” तो म्हणायचा. दिवसातून कितीदा तरी हेच बोलणं. हमालांच्या गाड्या जायच्या, तो दार लोटून घ्यायचा, आणि ती त्या दाराकडं बघत राहायची. गेली तेव्हा तो मोंढ्यात सौद्यावर होता आणि दार बंद होतं. औषधपाणी सगळं झालं होतं, काही कमी केलं नव्हतं, लोकही तसंच म्हणत होते. तरी कुणी कुठंही दार लावलं की त्याच्या छातीत काहीतरी अडकायचं. मठातले स्वामी म्हणाले होते, जिवंत जीव सोडवा तिच्या नावानं, सोमवार धरा.

आणि त्याच आठवड्यात कस्तुराबाई दाराशी आली होती. मासळीच्या जाळ्यात चार भोरड्या अडकल्यात, कुणी घेतंय का बघते म्हणत खाटीकगल्लीकडं निघाली होती. त्यानं हाक मारून थांबवलं होतं. थांबवलं होतं, हा शब्द आता टोचला. पैसे देऊन त्यानं त्या चारही घेतल्या, हळद लावली, सोडल्या. आईच्या खोलीचं दार उघडल्यासारखं वाटलं. पुढच्या सोमवारी ती टोपली भरून घेऊन आली. मागच्या वेळी अडकल्या होत्या. या वेळी धरल्या होत्या. हा फरक दारात उभ्या असलेल्या माणसाला कळायला काय हरकत होती? पण तो तर खूश झाला होता. साऱ्या शिवारात पाणी उरलं होतं ते निलंगा रोडच्या तळ्यात, डबक्याएवढं. दिवे लागायच्या वेळेला सगळ्या भोरड्या तिथल्याच पाणकणसात उतरायच्या. तो सकाळी सोडायचा त्याही तिथंच जायच्या, जाणार कुठं? आणि कस्तुराबाई पुढच्या सोमवारच्या आत जाळं टाकायची. इतके सोमवार त्यानं आईला दार उघडून दिलं असं त्याला वाटत होतं, आणि दाराची नुसती उघडझाप होत होती. तो रस्त्यात थांबला. मागून सायकलवाला ओरडला तेव्हा बाजूला झाला.

बायकोला, रत्नम्माला त्यानं जेवताना सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि परातीवरचं पीठ झाडत म्हणाली, “म्हणजे तुमच्या पुण्यापायी ती बाई आत बसली म्हणा की.”

“मी काय तिला धर म्हणून सांगितलं होतं का?”

“न्हाई. नको म्हणून बी न्हाई सांगितलं.” तव्यावरची भाकरी उलटत ती पुढं म्हणाली, “आन् ती बगा. तुमचं नाव न्हाई घेतलं तिनं.”

हे शेवटचं त्याच्या डोक्यात रुतून बसलं. तिनं नाव घेतलं नाही. ती जेलमध्ये होती, तिला जामीन राहायला कुणी पुढं आलं नव्हतं, आणि तरी ती खायला धरले म्हणत होती. आपल्याला वाचवायला, त्याला वाटलं. ज्या बाईला त्यानं कधी पाणी हवं का म्हणून विचारलं नव्हतं, परसदाराच्या आत घेतलं नव्हतं, ती त्याच्यासाठी खोटं बोलत होती. तो गादीवर बसला की समोरच्या ज्वारीच्या ढिगाऐवजी तिचा मिटलेला चेहरा दिसायचा. सौद्यात रुमालाखाली बोटं दाबून भाव सांगताना आकडा विसरायचा. मुनीम विचारायचा, अप्पा, बरं नाही का? बरं होतं. खात होता, झोपत होता, सोमवारी पूजाही केली. हळद मात्र कालवली नाही. परसात उभा राहून लिंबाकडं बघत राहिला आणि पहिल्यांदाच त्याला सोडायला काही नव्हतं.

शेवटी न राहवून तो कचेरीत गेला. निमित्त काहीतरी काढलं. मुद्देमाल आता वऱ्हांड्यात तारेच्या पिंजऱ्यात होता, पिंजऱ्याला लाखेचं सील होतं, आणि भोरड्या निम्म्याही उरल्या नव्हत्या. शिपाई ज्वारी टाकत होता, पाणी ठेवत होता, कायद्यात काही कसूर नव्हती. तरी रोज एखादी मरत होती, आणि मेलेलीचाही कागद होत होता. शेषेराव त्यामुळं खरोखरच कष्टी झालेले होते. “पत्राचं उत्तर आलं की मोकळं करतो हो,” ते म्हणाले. “मला काय हौस आहे? पण पुरावा आहे. संशोधनाचा पक्षी सोडून दिला तर वर काय सांगू?”

मडिवाळप्पानं धीर केला. “साहेब, मला वाटतं... हळद असेल ती.”

शेषेराव बघत राहिले आणि मग मनापासून हसले. “भोरड्यांचं लग्न निघालं होतं का अप्पा?” शिपाईही हसला. मडिवाळप्पाही हसला. हसता हसता त्याला जाणवलं की वाक्य सांगून झालं, आणि तरी सांगितलं गेलेलं नाही. अर्धं खरं बोलून सुटता येतं का ते त्यानं चाचपून पाहिलं होतं, येत नव्हतं. हळद म्हणायची तर हळद लावणारा हात दाखवावा लागणार होता. पिंजऱ्यातल्या भोरड्या एकमेकींना चिकटून बसल्या होत्या, थव्यात असतात तसा आवाज करत नव्हत्या. भोरड्या गप्प बसलेल्या त्यानं आयुष्यात पाहिल्या नव्हत्या. त्या शांततेचं त्याला भय वाटलं. बंद दाराच्या आतली शांतता अशीच होती, मोंढ्यातून घरी येऊन कडी काढली तेव्हाची.

कोर्टाची तारीख आली त्या दिवशी धाकटा भाऊ संगप्पा त्याच्यासोबत आला. संगप्पा व्यवहाराचा माणूस. वाटेत तो एकच सांगत होता, “अण्णा, विचारतील, सही तुमची का? हाव म्हणा, खाली या. एवढंच काम हाय. जास्तीचं बोलू नका.” त्याला रत्नम्माकडून कळलं होतं हे उघड होतं. मडिवाळप्पा मान हलवत होता. त्याचं काही ठरलेलं नव्हतं. ठरवून बोलणारा माणूस तो सौद्यातच होता. घरच्या, मनाच्या गोष्टींत त्याच्या तोंडून जे निघायचं ते त्यालाही निघाल्यावरच कळायचं. कोर्टाची खोली लहान होती, पंखा होता पण वीज नव्हती. कस्तुराबाई आरोपीच्या पिंजऱ्यात उभी होती. वाळली होती. टेबलावर तारेचा पिंजरा आणून ठेवला होता, आणि आत चार भोरड्या उरल्या होत्या.

त्याला विचारलं, पंचनामा तुमच्यासमोर झाला? झाला. ही सही तुमची? माझी. बस, जा, असं सरकारी वकिलानं हातानंच खुणावलं. मडिवाळप्पा हलला नाही. कठड्याचं लाकूड त्याच्या हाताला घामानं चिकट लागत होतं. मागून संगप्पा खोकला.

“साहेब, तो रंग परदेशी न्हाई,” मडिवाळप्पा म्हणाला. घरचीच भाषा तोंडात आली. “हळद हाय. करडीच्या तेलातली.”

खोलीत कुणीतरी खुसखुसलं. शेषेरावांचा चेहरा पडला. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी चष्मा काढला. “तुम्हाला कसं माहीत?”

“मी लावली. आईच्या नावानं. लावून सोडून देत होतो.”

“पक्षी तुमच्याकडे कुठून यायचे? या बाईकडून विकत घेत होता?”

मडिवाळप्पानं कस्तुराबाईकडं पाहिलं. आता ती त्याला ओळखत होती. डोळे मोठे करून ती मान हलवत होती, नाही, नाही म्हणून, जोरजोरात. त्याला भरून आलं. अजून ही आपल्याला वाचवायला बघते. आता तरी आपण हिच्या आड लपायचं नाही. त्यानं घसा साफ केला आणि मोंढ्यात भाव पुकारतो तशा आवाजात म्हणाला, “हाव साहेब. दर सोमवारी. दोन वर्षं झाली, मीच विकत घेऊन राहिलो.”

कस्तुराबाईनं कपाळावर हात मारून घेतला. “अप्पा, काय केलं हो हे,” ती म्हणाली. “मी खायाला धरले म्हणून सांगून राहिले ना! विकले म्हणलं की जास्ती शिक्षा हाय, वकिलानं दहा बार बजावलं मला. हळद म्हणून गप बसला असता तर आज सुटले असते मी.”

त्यानं ऐकलं. शब्द कळले, मग एकेक करून अर्थ कळू लागले. ती त्याला वाचवत नव्हती. ती स्वतःला वाचवत होती, आणि त्यात त्याचं नाव येत नव्हतं एवढंच. शेषेरावांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, विकणारा बी आत, घेणारा बी आत. त्यातलं घेणारा तेवढं त्याला ऐकू आलं होतं. इतके दिवस तो आपल्याच अब्रूशी झगडत होता, आपल्याच मोठेपणाची किंमत करत होता, आणि या सगळ्यात ती बाई कुठंच नव्हती. त्याला तिच्यापुढं शरम वाटली. पुण्यातही तो तिला मागच्या दारीच उभं करून ठेवत होता, आणि खरं बोलतानाही.

मॅजिस्ट्रेटसाहेब हुकूम सांगत होते, कारकून लिहीत होता. पक्षी आजच्या आज तळ्यावर नेऊन सोडावेत. बाईंवर विक्रीचं कलम लावावं. पंच मडिवाळप्पा यांना आरोपी करावं, जामिनावर मोकळं ठेवायला हरकत नाही. शिपायानं पिंजरा उचलला, भोरड्या फडफडल्या, आणि खोलीभर एक पिवळट पीस फिरत राहिलं.

बाहेर वऱ्हांड्यात बाकावर कस्तुराबाईला बसवलं होतं, सोबत एक पोलीस बाई होती. जेलची गाडी यायची होती. मोंढ्यातली माणसं एव्हाना जमली होती; बातमी कुणी नेली देव जाणे. मडिवाळप्पाला जामीन राहायला दोघं-तिघं एकमेकांच्या पुढं सरकत होते. संगप्पानं सगळ्यांना मागं सारलं, कागद पुढं केला. “अण्णा, झालं ते झालं. मी भरतो, तुम्ही इथं सही करा आन् घरला चला.”

मडिवाळप्पा कस्तुराबाईसमोर जाऊन उभा राहिला. माफ कर म्हणणं फार स्वस्त होतं. तीच त्याच्याकडं वर बघून म्हणाली, रागानं म्हणाली, आणि त्या रागात थट्टाही होती, “अप्पा, तुम्हाला सोडायची लई हौस ना? मंग मला सोडवा की आता.”

तो संगप्पाकडं वळला. “तिला जामीन राहा.”

“अण्णा, येडं लागलं का?” संगप्पा आवाज खाली आणून म्हणाला. “पाखरं धरणारीला आपण जामीन? मोंढा काय म्हणंल? तुम्ही आधी सही करा.”

“तिचा कागद आधी. न्हाई तर माझा बी नको.”

“गाडीत घालून नेतील अण्णा तुम्हाला. जेलात. दार लावून घेतात तिथं.”

मडिवाळप्पाच्या छातीत ते नेहमीचं अडकलं. अडकलं तसंच राहिलं. आवारात गाडी येऊन उभी राहिली होती, मागची फळी खाली पडल्याचा आवाज झाला. संगप्पाच्या हातात पेन उघडंच होतं आणि तो एकदा मोंढ्यातल्या माणसांकडं बघत होता, एकदा भावाकडं. कस्तुराबाईनं पदर सावरला आणि बाकावर जरा सरकून जागा केली. मडिवाळप्पा तिच्याशेजारी बसला.